नवा सेटअप लागला, आता पुढे काय घ्यावं?

नवी इलेक्ट्रिक गिटार आली, अ‍ॅम्प बदलला, पायाशी बोर्डावर दोन चांगली पेडल (आवाज बदलणारे छोटे डबे) लागली. आता हा गडी काही काळ गप्प बसेल, असं घरच्यांना वाटतं. होतं उलटंच. जुन्या सामानात एकमेकांच्या आड लपलेले दोष नव्या, स्वच्छ आवाजात उघडे पडतात. सिंगल कॉइल पिकअपची (तारेचा कंप विजेत बदलणाऱ्या एकेरी गुंडाळीची) घरघर, जुन्या केबलची खरखर आणि हो, आपल्याच उजव्या हाताचा ढिसाळपणाही. मग पुढची इच्छा डोकं वर काढते आणि बहुतेक वेळा भलत्याच वस्तूवर जाऊन बसते. रोग म्हशीला, औषध पखालीला.

म्हणून पर्याय समोरासमोर ठेवताना मी एकच विचारतो. ही वस्तू आली तर बदलणार काय? ऐकणाऱ्याच्या कानावर पडणारा आवाज, की वाजवणाऱ्याचा हात? स्पीकर आणि पिकअप मुख्यतः आवाज बदलतात. दुसरी गिटार किंवा लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारं पेडल) हात बदलतो. पेडलच्या बाबतीत बऱ्याचदा दोन्ही थोडं थोडं बदलतं आणि उत्साह मात्र सगळ्यात जास्त असतो. माझा कल उघडच साखळीच्या दोन टोकांकडे आहे, एकीकडे तारा आणि पिकअप, दुसरीकडे स्पीकर. मधल्या वस्तूंवर चर्चा जितकी होते, तितका फरक त्या पाडत नाहीत. (फझ, म्हणजे आवाज खरखरीत फाडणारं पेडल, हा सणसणीत अपवाद, त्याच्याकडे पुढे येतो.)

मोठा अ‍ॅम्प की दुसरा स्पीकर?

इथे आकडेच बरंच सांगून जातात. १५ वॉटच्या जागी ३० वॉटचा अ‍ॅम्प आणला तर वाढ होते ३ डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. आता स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’ नावाचा आकडा बघा. ९७ डेसिबलचा स्पीकर काढून १०० डेसिबलचा बसवला, तर अ‍ॅम्पला हात न लावता तेच ३ डेसिबल मिळतात. वर आवाजाचा स्वभावही बदलतो. सेलेस्टियन ग्रीनबॅकच्या घराण्यातले स्पीकर मधल्या पट्ट्यात भरदार आणि जोर दिला की लवकर गुरगुरणारे. जेन्सनच्या अमेरिकन वळणाचे वरच्या पट्ट्यात चमकदार. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो, डिस्टॉर्शनची कर्कश भुरभुर तोच गाळून टाकतो. म्हणजे तुमच्या आवाजातला सगळ्यात मोठा इक्वलायझर हा कागदी शंकूच असतो.

स्पीकर बदलताना दोन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहायच्या. ओहम जुळले पाहिजेत, आणि स्पीकरची वॉटक्षमता अ‍ॅम्पपेक्षा जास्त हवी. २५ वॉटचा एकटा ग्रीनबॅक ३० वॉटच्या अ‍ॅम्पला जोडणं म्हणजे जाळायचीच तयारी. आणि ट्यूब अ‍ॅम्प स्पीकरशिवाय कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

खरेदीआधी एक फुकटचा प्रयोग करा. अ‍ॅम्प जमिनीवर आणि आपण उभे, म्हणजे स्पीकर वाजतो तो आपल्या गुडघ्यांसाठी. वरचे सूर स्पीकरसमोर अरुंद झोतात जातात, बाजूला आणि वर फार कमी येतात. त्यामुळे आपण ट्रेबल वाढवत बसतो आणि समोर बसलेल्यांचे कान किटतात. अ‍ॅम्प मागे कलवून त्याचं तोंड आपल्या चेहऱ्याकडे करा, मग नॉब नव्याने लावा. ‘नवा अ‍ॅम्प हवा’ ही भावना या एका हालचालीत अनेकदा विरते.

अ‍ॅम्प खरोखर बदलावा असे प्रसंगही आहेत. ड्रमरबरोबर वाजवताना स्वच्छ आवाज हवा असतो आणि अ‍ॅम्प आधीच फाटायला लागतो, किंवा इफेक्ट्स लूप (आवाज फाडल्यानंतर मध्येच पेडल जोडायची सोय) हवा आणि तो नाहीच. तिथे स्पीकर बदलून फारसं साधत नाही.

पिकअप बदलावं की दुसरी गिटार आणावी?

आधी स्क्रूड्रायव्हर घ्या. पिकअप तारेच्या किती जवळ आहे यावर आवाजाचा जोर आणि टोक दोन्ही ठरतात. सिंगल कॉइल फार वर असलं तर चुंबक तारेलाच ओढतं आणि वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो, दोन किंचित वेगळे सूर एकदम वाजल्यासारखे वाटतात. अर्धा-अर्धा फेरा देत खाली न्या आणि ऐका. नव्या पिकअपकडून जी अपेक्षा असते त्यातली बरीच इथेच पुरी होते.

तरीही समाधान नसेल, तर पिकअप बदलणं हा चांगला सौदा आहे, पण अट एकच: गिटार हाताला आवडलेली असली पाहिजे. गळा, वजन, फ्रेट सगळं पसंत आणि आवाजच पटत नाही, तर पिकअप. आणि पॉटचं (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा बदलता रोधक) विसरू नका. सिंगल कॉइलसोबत २५० के (किलोओहम) आणि हम्बकरसोबत (घरघर मारणारं दुहेरी गुंडाळीचं पिकअप) ५०० के ही रूढ जोडी आहे. २५० के पॉटवर हम्बकर लावलं की आवाज दबका होतो आणि दोष पिकअपच्या माथी जातो. घरघर हाच त्रास असेल, तर वाजवता वाजवता गिटारसकट हळूहळू गोल फिरा. एखाद्या दिशेला घरघर जवळपास नाहीशी झाली, तर ती आजूबाजूच्या विजेच्या उपकरणांतून पिकअप पकडतंय. त्यावर इलाज हम्बकर किंवा घरघर न करणारं सिंगल कॉइल. कुठेही वळलं तरी तितकीच घरघर राहिली, तर आधी वायरिंग आणि अर्थिंग तपासा.

दुसरी गिटार हा वेगळाच विषय आहे, कारण ती हात बदलते. फेंडरची नेहमीची स्केल लेंग्थ (वाजणाऱ्या तारेची लांबी) २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. गिब्सनची सुमारे २४.७५ इंच, म्हणजे ६२८ च्या आसपास. तारांचा सेट तोच, ट्यूनिंग तेच, तरी लांब स्केलवर ताण साधारण ६ टक्क्यांनी जास्त पडतो. कागदावर किरकोळ वाटतं, बोटांना लगेच कळतं. आखूड स्केलवर बेंड (तार ओढून सूर चढवणं) सहज जातो, लांब स्केलवर खालच्या तारा जास्त टणक बोलतात. म्हणून दुसरी गिटार पहिलीपेक्षा निदान दोन बाबतींत वेगळी असावी, स्केल आणि पिकअप, किंवा पिकअप आणि ब्रिज. स्ट्रॅटोकास्टर असताना आणखी एक स्ट्रॅटोकास्टर ही हौस आहे, हौस म्हणून खुशाल करावी, पण तिला ‘गरज’ म्हणू नये. दुसरीला कायम वेगळ्या ट्यूनिंगमध्ये ठेवणार असाल तर मात्र सारखी असली तरी चालेल.

आणखी एक ओव्हरड्राइव्ह की पहिला डिले?

माझं मत एकतर्फी आहे: डिले (सूर जरा वेळाने प्रतिध्वनीसारखा परत ऐकवणारं पेडल). तिसरा ओव्हरड्राइव्ह (आवाज हलका फाडणारं पेडल) हा सहसा पहिल्या दोघांना नीट न वापरल्याचा परिणाम असतो. ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध ओव्हरड्राइव्हचंच घ्या. तो खालचे सूर कापतो आणि ७२० हर्ट्झच्या आसपास मधला पट्टा पुढे आणतो. एकदम स्वच्छ अ‍ॅम्पसमोर ड्राइव्ह वाढवून वाजवला की ‘नाकातून बोलतो’ अशी तक्रार येते. तोच ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर, लेव्हल वर, आणि समोर आधीच फाटू लागलेला अ‍ॅम्प, असं लावून बघा. पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवलेले सूर) घट्ट होतात, सोलो बँडच्या गोंगाटातून वर येतो.

डिलेने वाजवण्याचीच पद्धत बदलते, कारण रिकाम्या जागा सोडायला लागतात. १२० च्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. डिले ३७५ वर ठेवला की डॉटेड एट्थ (पाऊण ठोका) मिळतो आणि साधे एट्थ नोट (अर्ध्या ठोक्याचे) वाजवले तरी मध्ये सोळाव्यांची वीण दिसू लागते. लय जरा हलली की वीण उसवते, म्हणजे मेट्रोनोमचं कामही झालं. बकेट ब्रिगेड चिपवाल्या अ‍ॅनालॉग डिलेचे प्रतिध्वनी प्रत्येक फेरीला अंधुक होत मागे सरतात, डिजिटलचे टोकदार राहतात. गुंतागुंतीच्या लयींना डिजिटल, सोलोमागे पडदा हवा तर अ‍ॅनालॉग. अ‍ॅम्पचंच गेन वापरत असाल तर डिले इफेक्ट्स लूपमध्ये लावा, नाहीतर प्रतिध्वनींचाच चिखल होतो. रिव्हर्बबद्दल फार लिहीत नाही. अ‍ॅम्पमध्ये असेल तर तूर्त तो पुरे.

आणि फझ. १९६६ मध्ये आलेल्या फझ फेसच्या जातीचं पेडल गिटारच्या पिकअपशी थेट बोलतं, म्हणून ते साखळीत पहिलं. त्याच्या आधी बफर (सिग्नल मजबूत करणारं सर्किट) आला की आवाज कडक आणि पातळ होतो. गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की तेच पेडल स्वच्छ वाजू लागतं. आवाज आणि हात दोन्ही एकदम बदलणारी ही मधली वस्तू आहे.

सगळं विकून मॉडेलर?

मॉडेलर म्हणजे अ‍ॅम्प-पेडलची नक्कल करणारं डिजिटल यंत्र. केम्पर २०११ मध्ये आला, हेलिक्स २०१५ मध्ये, आणि आता न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर तर फुकट आणि ओपन सोर्स आहे. आवाज पटतो की नाही हा वाद माझ्या मते संपला. खरा मुद्दा सवयीचा. हेडफोनवर वाजवणारा, रेकॉर्डिंग करणारा, हलकं सामान हवं असणारा यांनी खुशाल जावं. तार छेडल्यावर आवाज यायला लागणाऱ्या विलंबाची भीती बाळगू नका. ३ मिलिसेकंद म्हणजे अ‍ॅम्पपासून एक मीटर दूर उभं राहणं. पण नॉब हाताने फिरवण्यात ज्याचा जीव रमतो, तो मेनूत हरवतो आणि वाजवणं राहून जातं. मॉडेलर गिटारच्या कॅबिनेटला (स्पीकरच्या पेटीला) जोडणार असाल तर त्याच्या आतलं नकली कॅबिनेट बंद करा, दोन स्पीकरमधून गाळलेला आवाज ब्लँकेट टाकल्यासारखा येतो.

ज्यांचे फोटो कोणी काढत नाही

पॉवर सप्लाय. एकाच अ‍ॅडॅप्टरवर साखळीने जोडलेल्या पेडलमध्ये एक डिजिटल शिरलं की बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो, तिथे आयसोलेटेड सप्लाय (प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा) लागतो. व्होल्ट आणि पोलॅरिटी तंतोतंत हवी, मिलिअँपियर जास्त असले तर चालतात.

गिटारचा सेटअप. सूर टिकत नाही म्हणून लॉकिंग ट्यूनर (तार घट्ट धरून ठेवणाऱ्या खुंट्या) घेणारे पुष्कळ. आधी कान देऊन ऐका: ट्यून करताना नटपाशी (गळ्याच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी) ‘टिक्’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो का? तार खाचेत अडकते आहे. पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा, ९ च्या जागी १० चा (जरा जाड तारांचा) सेट लावला असेल तर नट आणि ट्रस रॉड (गळ्याच्या आतली सळई) जाणकाराकडून नीट करून घ्या.

आणि लूपर, माझ्या यादीत तूर्त सगळ्यात वर. साधारणपणे तो शेवटी लावतात. निवड करायची असेल तेव्हा सगळ्यात पुढे लावा, गिटारनंतर लगेच. एक तुकडा वाजवून फिरत ठेवा, गिटार खाली ठेवा आणि अ‍ॅम्पसमोर बसून पेडल बदला, नॉब फिरवा, जमलं तर स्पीकरही. वाजवणं तेच राहतं, म्हणून फरक फक्त सामानाचा ऐकू येतो. फझची परीक्षा मात्र अशी घेऊ नका. लूपरच्या आत बहुधा बफर असतो आणि फझला तोच नको असतो.