स्पेसर लावावेत की थांबून योग्य ऑफसेटची चाकं घ्यावीत?

माझी 987 पिढीची पोर्शे बॉक्सस्टर रत्नागिरीत असते. घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर. तिच्यावर दोन्ही प्रकार करून झालेत: आधी दुसऱ्या ऑफसेटची चाकं आणि मागे 15 मिमीचे स्पेसर (चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब, यांच्या मधे घालायच्या चकत्या), नंतर मधे काही न घालता नीट बसणारी चाकं. पीसीडी म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, बोअर म्हणजे चाकाचं मधलं भोक, आणि ऑफसेट (ईटी) म्हणजे चाकाची हबला टेकणारी बाजू रुंदीच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे तो आकडा; तो जितका कमी, तितकं चाक बाहेर येतं.

स्पेसरची बाजू आधी मांडतो, कारण त्यांना जरा उगाचच नावं ठेवली जातात. बेअरिंगवर ताण येतो, असं सगळे सांगतात. पण ईटी 52 चं चाक 15 मिमीच्या स्पेसरवर बसवलं की ते ईटी 37 च्या चाकाच्या जागी येतं. तेवढ्याच रुंदीचं ईटी 37 चं चाक थेट लावलं तरी बेअरिंगवरचा भार जवळपास तोच. खुद्द पोर्शेने काही गाड्यांवर 5 मिमीचे स्पेसर पर्याय म्हणून दिले होते. 71.6 मिमीच्या बोअरला घट्ट बसणारा, स्वतःची कड असलेला स्पेसर आणि तेवढेच लांब बोल्ट घेतले तर हायवेला थरथर जाणवत नाही. मला तरी कधी जाणवली नाही. बोल्ट मात्र पारखून घ्या. पोर्शेच्या बोल्टची बैठक (चाकाला टेकणारा भाग) गोल असते, बाजारात शंकूच्या बैठकीचे सर्रास मिळतात, ते चालणार नाहीत. बोल्ट हाताने निदान नऊ-दहा फेरे आत गेला पाहिजे.

खर्चातही स्पेसर जिंकतात. 130 पीसीडीची चाकं आपल्याकडे सहजी मिळत नाहीत. मी आठ महिने थांबलो.

तरी थांबलो, त्याचं कारण श्रावणातलं एक पंक्चर. आरे-वारेच्या रस्त्यावर मागच्या टायरला आतल्या बाजूने खिळा लागला. चाक काढल्याशिवाय इलाज नव्हता. जॅक लावला, पाचही बोल्ट काढले आणि चाक जागचं हललं नाही. पंक्चरवाल्याने मागून लाकडी ठोकळा धरून, चाक थोडं थोडं फिरवत ठोकलं. अर्ध्या तासाने चाक सुटलं, स्पेसर मात्र हबलाच धरून बसला. त्याच्या कडेला बोटाने खरवडलं तर मिठासारखी पांढरी भुकटी निघाली आणि तिच्याखाली ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पडलेले.

हब लोखंडाचा, स्पेसर ॲल्युमिनियमचा, मधे खारा ओलावा. अशा जोडीत आधी ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बोटीच्या सुकाणूजवळ जस्ताचे ठोकळे लावतात ते याचसाठी, की खायचंच तर जस्त खाल्लं जावं. चाकही ॲल्युमिनियमचंच, त्यामुळे तेही हबला चिकटतं, हे कबूल. पण तिथे सांधा एकच असतो. स्पेसर घातला की दोन होतात, आणि दुसरा चाकामागे झाकलेला. ती भुकटी तशीच ठेवून बोल्ट आवळले तर आज घट्ट वाटतात, आणि भुकटी दबली की सैल पडतात. मला काळजी लागली ती याची. दोन पावसाळे काढले आणि स्पेसर उतरवले. नव्या चाकांवर एक पावसाळा गेला. गणपतीनंतर काढली तेव्हा तळव्याच्या एका थापेत सुटली.

तुमची गाडी पुण्या-कोल्हापुराकडे असेल, किनाऱ्यावर वर्षातून एकदा येत असेल, तर कदाचित स्पेसरच तुम्हाला सोयीचे पडतील. गाडी इथेच, खाऱ्या वाऱ्यात उभी राहणार असेल, तर मी तुमच्या जागी थांबेन. पीसीडी बदलणाऱ्या ॲडॅप्टरच्या वाटेला तर इथे जाऊच नका, त्यात बोल्टचे दोन संच सांभाळावे लागतात.

लावणारच असाल तर पावसाआधी एकदा आणि गणपती झाल्यावर एकदा चारही चाकं उतरवा. हब आणि स्पेसरच्या दोन्ही बाजू तारेच्या ब्रशने लख्ख करा. हबच्या मधल्या कडेवर अँटी-सीझचा (धातू एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लावायच्या लेपाचा) अगदी पातळ हात फिरवा, टेकणाऱ्या सपाट बाजूंवर नको. बोल्ट टॉर्क रेंचने 130 न्यूटन-मीटरला आवळा आणि शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा तपासा. पंक्चर काढून घेतल्यावरही हे सगळं करायचं, पाऊस कोसळत असला तरी.