शाळा व्यवस्थापन समितीची निवड: हडपसर भागातील एका शाळेचा अनुभव

हडपसर भागातील ज्या प्राथमिक शाळेत माझी मुलगी शिकते, तिथे नुकतीच शाळा व्यवस्थापन समितीची नव्याने निवड झाली. निवडीची सभा मोकळेपणाने आणि पुरेसा वेळ देऊन घेतली गेली, ही समाधानाची बाब आहे. मात्र सभेची सूचना इतकी उशिरा मिळाली की, ज्यांनी यायलाच हवे होते असे अनेक पालक येऊ शकले नाहीत.

पुण्यात पूर्वी महापालिका शाळांचा कारभार शिक्षण मंडळाकडे असे आणि मंडळावरचे बहुतेक सदस्य नगरसेवक निवडून देत. ज्यांची मुले त्या शाळांत शिकत, त्या आईवडिलांना त्यात मत नव्हते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम २१ नुसार समितीतील किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असणे बंधनकारक झाले. राज्याच्या १७ जून २०१० च्या शासन निर्णयानुसार या समितीत १२ ते १६ सदस्य असतात, अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो, मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात आणि दर दोन वर्षांनी समिती नव्याने गठित होते. शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणे ही समितीची कामे असल्यामुळे, ही निवड केवळ कागदोपत्री उरकण्याची बाब नाही.

सभेतला सर्वांत मोलाचा प्रसंग एका प्रश्नामुळे घडला. धुणीभांड्यांची कामे करणाऱ्या एका आईने उभे राहून विचारले की, मुलींच्या स्वच्छतागृहातला नळ दुरुस्त करायचा तर पैसे कुठून येतात. मुख्याध्यापिकांनी उत्तर टाळले नाही. त्यांनी कपाटातून खर्चाची वही आणवली, समग्र शिक्षा अभियानातून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरते, १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५०,००० रुपये मंजूर होतात आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेसाठी वापरायचे असतात, हे त्यांनी फळ्यावर लिहून समजावले. मागच्या ओळीतल्या बायका पुढे सरकून वही पाहू लागल्या. थोड्या वेळाने त्याच आईचे नाव दुसऱ्या पालकांनी सुचवले आणि ती निवडून आली. हिशेब आधी आणि निवड नंतर, हा क्रम प्रत्येक शाळेने पाळावा असे मला मनापासून वाटते, कारण समितीने काय करायचे असते हे कळल्यावरच पालक विचारपूर्वक मत देऊ शकतात.

आता उणिवांविषयी. सूचना आदल्या रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. अनेक घरांत एकच फोन असतो आणि तो कामावर गेलेल्या माणसाकडे असतो. सुरक्षारक्षकाची रात्रपाळी करणारे किंवा मार्केट यार्डात पहाटेपासून हमाली करणारे वडील अशा सूचनेवर सुट्टी काढू शकत नाहीत. किमान आठवडाभर आधी मुलांच्या वहीत चिठ्ठी द्यायला हवी होती. दुसरी उणीव मतदानाची. वर्गशिक्षिकांसमोर हात वर करायचा म्हटल्यावर कित्येक पालक आधी त्यांच्याकडे पाहत होते, आणि हे मत मोकळे म्हणता येत नाही. कागदाच्या चिठ्ठ्या आणि एक डबा एवढ्यावर हे काम झाले असते.

खासगी शाळांसाठीच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून सोडत काढून ठरते. त्या पद्धतीत वशिल्याला वाव कमी राहतो, हे मान्य. तरीही मला आमच्या शाळेतली निवडणूक अधिक योग्य वाटते, कारण इथे इच्छुकाला चारचौघांसमोर उभे राहून आपण काय करणार हे सांगावे लागले.

ज्यांची मुले अशा शाळांत आहेत त्यांनी या सभेला अवश्य जावे आणि खर्चाची वही पाहायला मागावी. आमच्या शाळेत निवडून आलेल्या सदस्यांची नावे दर्शनी फलकावर लागली आहेत, पण महिन्यातून किमान एकदा व्हायच्या बैठकीची तारीख तिथे अजून दिसत नाही. ती आठवडाभर आधी लावावी आणि बैठक सायंकाळी सहानंतर घ्यावी, अशी लेखी मागणी आम्ही काही पालकांनी मुख्याध्यापिकांकडे दिली आहे.