जॉबशीटवरची एक ओळ

कॅमेरा दुरुस्तीला देताना काउंटरवर सहज बोलले गेलेले माझे दोन शब्द कंपनीने माझ्याच विरुद्ध वापरले. दुरुस्तीसाठी मागितलेली रक्कम ८६,४०० रुपये. महागडी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं, म्हणून सगळं तारीखवार आठवून लिहिते आहे.

मी पुण्यात लग्न-मुंजीचे फोटो काढते. तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू होते, त्याच्या आधी ही बॉडी घेतली. किंमत २,३४,९९०, अठरा हप्ते. आधीची बॉडी चांगली होती, पण अंधाऱ्या हॉलमध्ये फोकस चुकायचा. दुकानदाराने सगळ्यात जास्त जोर 'वेदर सील्ड', म्हणजे पाऊस-धूळ आत जाऊ नये म्हणून सांधे बंद केलेला, या शब्दावर दिला. कंपनीच्या माहितीपत्रकावर तर कॅमेऱ्यावर पाण्याचे थेंब ओघळताना दाखवले होते.

जानेवारीत कोथरूडला एक लग्न होतं. शेवटची मंगलाष्टका संपत आलेली, सगळ्यांच्या मुठीत अक्षता, अंतरपाट खाली येणार, आणि स्क्रीन काळी. शटरचं बटण मेलेलं. स्विच बंद केला तरी कॅमेरा बंद होईना. बॅटरी काढून परत घातली तेव्हा सुरू झाला, पण तोवर हार घालून झाले होते. धाकटा भाऊ दुसरी बॉडी घेऊन समोर उभा होता म्हणून ते फोटो मिळाले. नसता तर त्या मुलीला मी काय सांगणार होते? तो क्षण परत घेता येत नाही.

त्याच रात्री कस्टमर केअरला मेल केला. बंद हॉल, पावसापाण्याचा संबंध नाही, कोणती लेन्स, कोणतं कार्ड, किती वाजता हँग झाला, सगळं लिहिलं. आज माझ्या हातात जे काही आहे ते त्या मेलमुळे आहे.

पुण्यात कॅमेरा फक्त जमा करून घेतात, तपासणी मुंबईला. अकरा दिवसांनी परत आला. 'दोष आढळला नाही, फर्मवेअर अपडेट केले.' फर्मवेअर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर. त्यानंतर मे अखेरपर्यंत चार वेळा हँग झाला. दर वेळी फोन केला, दर वेळी नवा माणूस, आणि दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. कोणी म्हणालं लेन्स काढून परत लावा, कोणी म्हणालं कार्ड बदला. नवं कार्डही घेतलं. या चार फोनांचा माझ्याकडे कसलाही लेखी पुरावा नाही, ही माझी मोठी चूक. फोन ठेवल्यावर लगेच 'आत्ता आपलं असं बोलणं झालं' एवढा दोन ओळींचा मेल टाकला असता तरी पुरलं असतं.

जूनमध्ये माउलींची पालखी पुण्यातला मुक्काम उरकून सासवडकडे निघते, तेव्हा मी दरवर्षी दिवे घाटात जाते. ते काम नसतं, कोणी पैसे देत नाही, मला जायचं असतं म्हणून जाते. बारीक भुरभुर होती. कॅमेऱ्यावर रेनकव्हर होतं, वर छत्री धरायला भाऊ होता. घाटाच्या मधल्या वळणावर कॅमेरा हँग झाला तो परत सुरू झालाच नाही.

कॅमेरा परत दुरुस्तीला द्यायला गेले. काउंटरवरचा मुलगा अगदी नम्र होता. 'कधी बंद पडला मॅडम?' मी म्हटलं, 'वारीत, दिवे घाटात.' 'पाऊस होता का?' 'भुरभुर होती, पण रेनकव्हर घातलेलं होतं.' त्याने टाइप केलं, जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीला घेतल्याचा नोंदीचा कागद, पुढे सरकवला. मागे चारजण उभे होते. मी सही केली.

तीन आठवड्यांनी मेल आला. आत पाणी गेलेलं आहे, मेन बोर्डाला गंज, वॉरंटी लागू नाही, खर्च ८६,४००. आधार काय, तर माझ्याच सहीची जॉबशीट. घरी काढून पाहिली. तक्रारीच्या रकान्यात इंग्रजीत एकच ओळ: 'कस्टमर युज्ड इन रेन', म्हणजे ग्राहकाने पावसात वापरला. रेनकव्हर नाही, भुरभुर नाही, जानेवारीची तक्रार नाही, पाच महिन्यांचा दोष नाही. मी बोललेल्यातलं जेवढं त्यांच्या कामाचं तेवढंच कागदावर उतरलं होतं.

गंज दाखवा, असं मी लिहिलं. चार दिवस मागे लागल्यावर एक फोटो आला. लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. बोर्डावर हिरवट डाग, एका स्क्रूभोवती पांढरी पूड. खरोखरचा गंज होता, वाद नाही. पण फोटोच्या कडेला कार्डाचे स्लॉट दिसत होते. दोन, आणि दोन्ही सारख्याच मापाचे, एसडी कार्डाचे. माझ्या बॉडीत एक एसडीचा आणि दुसरा सीएफएक्सप्रेसचा आहे. दोन्ही कार्डांची मापं वेगळी, स्लॉटही वेगळे. रोज ही कार्डं घालणाऱ्या-काढणाऱ्या माणसाची यात चूक होऊ शकत नाही. मला दुसऱ्याच कोणाचा तरी मेलेला कॅमेरा दाखवून ८६,४०० रुपये मागितले जात होते.

हे लिहून कळवलं तर उत्तर मेलवर आलं नाही, फोनवर आलं. 'नजरचुकीने वेगळा फोटो अटॅच झाला, पण रिपोर्ट बरोबर आहे.' मग योग्य फोटो पाठवा. 'ते इंटर्नल असतं मॅडम.' तो फोटो आजपर्यंत आलेला नाही. शिवाय दुरुस्ती करायची नसेल तर कॅमेरा परत न्यायला तपासणीचे २,३६० रुपये. ते भरले, पण त्यांच्या आणि माझ्या दोन्ही प्रतींवर 'आक्षेप नोंदवून भरले' असं लिहून खाली सही-तारीख टाकली. तसं लिहू द्यायला ते आधी तयार नव्हते. मी काउंटरवरून हलले नाही.

तिथून तापकीर गल्लीजवळच्या एका जुन्या कारागिराकडे गेले. फिल्मच्या काळापासून कॅमेरे उघडणारे काका. त्यांनी बॅटरीच्या कप्प्यात टॉर्च मारून पाहिलं आणि झाकण लावून कॅमेरा परत दिला. 'ताई, हा मी उघडला की ते म्हणतील यानेच बिघडवला. पाकिटात घालून ठेवा, कोणाला हात लावू देऊ नका.' पैसेही घेतले नाहीत. माझ्यासारखं कोणी अडकलं असेल तर हे लक्षात ठेवा, बाहेर उघडायची घाई करू नका.

'वेदर सील्ड' या शब्दाबद्दलही सांगते, कारण मला घेताना हे कोणी सांगितलं नव्हतं. या शब्दामागे ठरलेलं मोजमाप नसतं. मोजमाप असतं ते आयपी क्रमांकाचं, म्हणजे धूळ आणि पाणी किती अडवतं हे सांगणाऱ्या आकड्याचं. ओएम सिस्टिमच्या ओएम-१ ला आयपी५३ आहे, लायकाच्या एसएल२ ला आयपी५४. बहुतेक कॅमेऱ्यांना असा आकडाच नसतो, आणि वॉरंटीच्या अटींत पाण्याने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. जाहिरातीत थेंब आणि अटींत नकार, हे मला सरळसरळ फसवणं वाटतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार केली. त्यांनी नोंद घेतली, कंपनीला पाठवली, कंपनीने 'लिक्विड डॅमेज', म्हणजे पाण्याने नुकसान, एवढंच कळवलं. हेल्पलाइन मध्यस्थी करते, आदेश देऊ शकत नाही. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. मी विक्रेता आणि कंपनी दोघांनाही पक्षकार केलं.

माझ्यासारख्या व्यावसायिकांसाठी एक महत्त्वाचं. कंपनीच्या जबाबातला पहिलाच मुद्दा असा की ही खरेदी व्यापारी हेतूची, म्हणून मी ग्राहकच नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठीच घेतलेली वस्तू कायद्याने त्यातून वगळली आहे. माझं बिल माझ्या नावावर आहे, कॅमेरा मी स्वतः चालवते, हे मी कागदांनिशी मांडलं. दुसरा मुद्दा अर्थातच जॉबशीटवरची ती ओळ. जानेवारीच्या मेलचा जबाबात कुठेही उल्लेख नाही.

बिघाडाची तपासणी प्रयोगशाळेकडून करून घ्यायची तरतूद याच कायद्यात आहे. आयोग वस्तू सीलबंद करून पाठवतो, अहवालाला ४५ दिवसांची मुदत, खर्च आधी तक्रारदाराने भरायचा. तो अर्ज मी केला आहे, त्यावर अजून आदेश व्हायचा आहे. कॅमेरा कपाटात पाकिटात आहे, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. हप्ते चालू आहेत. पुढच्या आठवड्यातल्या मुंजीसाठी बॉडी भाड्याने सांगून ठेवली आहे, आणि ती घेताना पावतीवरची प्रत्येक ओळ मी उभ्याउभ्या वाचून घेणार आहे.