लॅकरवरचं पांढरं धुकं आणि रिटार्डर: आठ महिन्यांनंतर

मागच्या जुलैत घरी बनवलेल्या गिटारला एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, म्हणजे लाकडावरचं पारदर्शक चमकदार लेपन, मारलं आणि तासाभरात तिची शिसवी पाठ ताक सांडल्यासारखी दिसू लागली. चिपळूणचा पाऊस; खोलीतली आर्द्रता ८६ टक्के. तरी मी घाई केली. दीड वर्षाचं काम, रात्रभर डोळा लागला नाही.

जो तो म्हणे, घासून काढ. ऐकलं नाही ते बरं झालं. थिनर झपाट्याने उडतं, त्याने लाकडावरचा थर गार पडतो आणि हवेतली वाफ तिथे दव धरते. ते पाणी ओल्या लॅकरमध्ये शिरलं की दूध नासावं तसं लॅकर आतून नासतं. पण एनसी लॅकर वाळल्यावरही थिनरमध्ये परत विरघळतं, म्हणून ते सुधारता येतं. पीयू (पॉलियुरेथेन) लेपनाच्या बाबतीत हे चालत नाही.

गणपती, दसरा उरकले. ऑक्टोबरच्या उन्हात आर्द्रता ५५ वर आली तेव्हा रिटार्डर आणला. हे सावकाश उडणारं थिनर, माझ्या डब्यात ब्युटाइल सेलोसॉल्व्ह होतं. निम्मं थिनर, निम्मं रिटार्डर, लॅकर अजिबात नाही. पडवीत, आसपास चूल-शेगडी नाही, तोंडाला वाफा गाळणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क. फूटभर अंतरावरून स्प्रे गनचा एकच हलका हात दिला. पाठ ओली चमकली आणि दोनेक मिनिटांत कडेकडून धुकं विरत गेलं, खालची जांभळट रेघ न् रेघ वर आली. मी गन खाली ठेवून नुसती बघत बसले.

नेकच्या सांध्यापाशी मात्र दुसरा हात जास्त पडला आणि लॅकर ओघळलं. तो ओघळ महिनाभर नखाने दबत होता. रिटार्डरने वाळायला फार वेळ लागतो, हे गृहीतच धरा. पाच आठवडे थांबून ८०० पासून २००० नंबरपर्यंत पाणीपेपर (पाणी लावून घासायचा पॉलिशपेपर) आणि मग चकाकीसाठी पॉलिशिंग कंपाउंड केलं.

आज जून. रोज तासभर वाजवते. पाठ आरशासारखी आहे, धुकं कुठेही परतलेलं नाही. शिसवाची छिद्रं थोडी खोल दिसू लागलीत, कारण लॅकर महिनोन्‌महिने आक्रसत राहतं. मला ती आवडतात. खंत एकच, स्टँडच्या रबराने बुडाशी दोन चिकट डाग पाडले. रबर आणि एनसी लॅकरचं जमत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं. आता स्टँडला सुती कापड गुंडाळलंय.

दुसऱ्या गिटारची बॉडी तयार आहे. बाहेर पाऊस सुरू झालाय, तिला दसऱ्यापर्यंत गन लावणार नाही.