रिफंड वाढवून देतो म्हणणाऱ्यांपासून जपा

माझा धाकटा भाऊ चाकणला कंपनीत आहे. 2023 च्या जुलैमध्ये एक एजंट तिथल्या कामगारांचे आयकर रिटर्न भरून देत होता. "दादा, तुमचे हक्काचे पैसे सरकारकडे पडून आहेत. रिफंड आला की पंधरा टक्के द्या, आधी एक रुपया नको." भावाने फॉर्म 16 (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला), आयकर पोर्टलचा पासवर्ड आणि आलेला ओटीपी दिला. पगारातून कर म्हणून कापलेले 46 हजार सगळेच्या सगळे खात्यात आले. एजंटने सात हजार त्याच दिवशी मागून घेतले.

परवा घराच्या कर्जासाठी बँकेने जुने रिटर्न मागितले, तेव्हा ते कागद पहिल्यांदा आमच्यासमोर आले. कर कमी दिसावा म्हणून त्यात खोट्या वजावटी घातल्या होत्या. कलम 80जीजीसीखाली राजकीय पक्षाला दीड लाखाची देणगी. कलम 80ईखाली शैक्षणिक कर्जावर एक लाख व्याज. भाऊ आयटीआय झालेला, शैक्षणिक कर्ज त्याने कधी घेतलंच नाही! आणि आईच्या मेडिक्लेमचा 28 हजारांचा हप्ता तो खरोखर भरतो, त्याची 80डीची वजावट मात्र घेतलेलीच नव्हती. याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. खोटं सगळं घातलं आणि खरं होतं ते सोडून दिलं.

सदाशिव पेठेतल्या सीए मॅडमनी पोर्टल उघडलं, तर प्रोफाइलमधला ईमेल भावाचा नव्हताच. एजंटने नवा ईमेल काढून तो घातला होता. आयकर खात्याची 'वजावट तपासून घ्या' अशी सूचना तिथे येऊन पडली होती, आम्हाला पत्ताच नाही. हे एकट्या भावाचं झालेलं नाही. 14 जुलै 2025 ला आयकर खात्याने देशात दीडशेहून जास्त ठिकाणी तपासणी केली, तेव्हा असे तात्पुरते ईमेल काढून घाऊक प्रमाणात रिटर्न भरणारे खात्यानेच उघड केले.

मॅडम म्हणाल्या, फेरतपासणीची नोटीस अजून निघालेली नाही, तोवर अद्ययावत रिटर्न, म्हणजे जुन्यातली चूक सुधारणारं नवं रिटर्न, भरून टाका. त्यात मेडिक्लेम धरूनही कर, व्याज आणि त्या दोन्हींवर 50 टक्के जादा भरावे लागले. पहिल्या वर्षात लक्षात आलं असतं तर 25 टक्क्यांत भागलं असतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी 60 आणि 70 टक्के होतात. खात्याने स्वतः पकडलं तर चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड आणि खटलाही होऊ शकतो. एजंटचं नाव रिटर्नवर कुठेच नसतं. ओटीपी टाकून पडताळणी झाली की ते रिटर्न आपल्या सहीचं.

घरात कुणी असं कुणाकडून रिटर्न भरून घेतलं असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसून पोर्टल उघडा. आधी प्रोफाइलमधला मोबाइल आणि ईमेल बघा, पासवर्ड बदला. मग प्रत्येक वर्षाचं भरलेलं रिटर्न उतरवून घ्या आणि वजावटींचं पान फॉर्म 16 शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघा. ज्या रकमेची पावती घरात नाही, ती रक्कम लिहून घेऊन थेट सीएकडे जा.