ईडीएल, एक्सएमएल की एएएफ : फ्रेम रेट आणि टाइमकोड कोणती फाइल नीट सांभाळते?

पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे संकलन अंतिम ठरल्यावर, टाइमलाइन डीआयसाठी (अंतिम रंगकामासाठी) आणि साउंड स्टुडिओकडे पाठवायची वेळ येते, तेव्हा कोणता कट कुठे आहे हे दुसऱ्या सॉफ्टवेअरला सांगणाऱ्या ईडीएल, एक्सएमएल आणि एएएफ या फाइलींपैकी काय एक्सपोर्ट करावे, हा निर्णय बहुतेक ठिकाणी सवयीने घेतला जातो. माझ्या मते या निवडीचा पहिला निकष एकच असावा : ती फाइल आपला फ्रेम रेट स्वतः सांगते, की उघडणाऱ्याने तो गृहीत धरायचा असतो?

आपल्याकडे टीव्हीचे काम २५ फ्रेमवर चालते आणि २५ हा सुखाचा आकडा आहे. त्यात अपूर्णांक नाही, ड्रॉप-फ्रेमची, म्हणजे टाइमकोड घड्याळाशी जुळावा म्हणून मोजणीतले काही फ्रेम-क्रमांक गाळण्याची, भानगड नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे मालिका कापणाऱ्या संकलकालाही वरील प्रश्न क्वचितच पडतो. तो पडतो २४ फ्रेमचा चित्रपट हाती आल्यावर, किंवा डिलिव्हरीच्या यादीत २३.९७६ दिसल्यावर. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणाचे मानक ठरले, तेव्हा सेकंदाला ३० फ्रेमचा वेग ३००००/१००१, म्हणजे सुमारे २९.९७ झाला, २३.९७६ हे २४ चे तसेच, २४०००/१००१ असे रूप आहे.

सर्वांत जुनी आणि साधी फाइल म्हणजे सीएमएक्स ३६०० पद्धतीची ईडीएल. ती कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते, डोळ्यांनी वाचता येते आणि जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर ती स्वीकारते. पण तिच्यात फ्रेम रेटसाठी स्वतंत्र नोंदच नाही. वर ‘एफसीएम’ या ओळीत ड्रॉप-फ्रेम की नॉन-ड्रॉप एवढेच लिहिलेले असते. ०१:००:१०:१२ (तास:मिनिटे:सेकंद:फ्रेम) हा टाइमकोड २४ ने मोजला तर शून्यापासून ८६,६५२ वी फ्रेम दाखवतो आणि २५ ने मोजला तर ९०,२६२ वी, आणि यांतले कोणते खरे हे फाइल सांगत नाही. अनोळखी ईडीएल आली तर मी टाइमकोडच्या शेवटच्या, म्हणजे फ्रेमच्या, जोडीतले सर्वांत मोठे अंक शोधतो : कुठेही २४ दिसले तर ती २४ फ्रेमची नाही हे नक्की, २९ दिसले तर ती ३० च्या मोजणीची (किंवा त्याहून वरची) आहे, आणि शेकडो इव्हेंटमध्ये (कटच्या नोंदींमध्ये) २३ च्या पुढे काहीच नसेल तर ती बहुधा २४ च्या मोजणीची आहे. परंतु २४ आणि २३.९७६ यांतला फरक या युक्तीनेही कळत नाही, कारण दोन्हींत फ्रेमची मोजणी एकच असते. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा धरला, तर चित्र फ्रेमला फ्रेम जुळते आणि आवाज मात्र तासाला ३.६ सेकंदांनी सरकतो. अडीच तासांच्या चित्रपटात हा फरक ९ सेकंदांचा होतो.

फायनल कट प्रो ७ या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या काळातील एक्सएमएल, जी प्रीमियर हे दुसरे सॉफ्टवेअर आजही एक्सपोर्ट करते, ती रेट सांगते, पण दोन तुकड्यांत. ‘टाइमबेस’मध्ये पूर्णांक असतो आणि त्याखाली ‘एनटीएससी’ला ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’. टाइमबेस २४ आणि एनटीएससी ट्रू म्हणजे २३.९७६. केवळ पहिली ओळ वाचणारी स्क्रिप्ट इथे हमखास चुकते. शिवाय सिक्वेन्सचा रेट वेगळा आणि प्रत्येक क्लिपचा वेगळा लिहिलेला असतो. ५० फ्रेमचा शॉट २५ च्या टाइमलाइनवर असेल, तर इन-आउटचे आकडे कोणत्या रेटने मोजायचे याबाबत सगळी सॉफ्टवेअर एकसारखी वागत नाहीत. असे मिश्र फुटेज असेल, तर ते शॉट कन्फॉर्म करताना, म्हणजे मूळ फुटेजवर टाइमलाइन पुन्हा जुळवताना, एकेक करून तपासावेत.

नव्या फायनल कट प्रोची एफसीपीएक्सएमएल या बाबतीत सर्वांत काटेकोर आहे. तिच्यात एका फ्रेमचा कालावधी ‘१००१/२४००० सेकंद’ असा अपूर्णांकात लिहिलेला असतो आणि सर्व स्थाने अशाच अपूर्णांकांत मोजलेली असतात, त्यामुळे दशांशातली काटछाट होत नाही. वाचताना एक गोष्ट मात्र चकवते : २३.९७६ च्या टाइमलाइनची सुरुवात ०१:००:००:०० वर असली, तरी फाइलमध्ये ती ३६०० सेकंद नसून ८६४८६४००/२४००० म्हणजे ३६०३.६ सेकंद दिसते. हा दोष नव्हे. टाइमकोडचा एक तास म्हणजे ८६,४०० फ्रेम, आणि या रेटने त्या चालायला तेवढाच खरा वेळ लागतो.

एएएफ ही बायनरी फाइल असल्याने ती उघडून ओळी वाचता येत नाहीत, पण एडिट रेट अपूर्णांकात आणि टाइमकोडचा पूर्णांक व ड्रॉपची खूण स्वतंत्रपणे, अशी तिची रचना असते. ध्वनीचे तुकडे, हँडल (कटच्या दोन्ही बाजूंचा जादा भाग) आणि व्हॉल्यूमच्या नोंदी सोबत जात असल्याने प्रो टूल्स या ध्वनीच्या सॉफ्टवेअरसाठी तिला पर्याय शोधण्याची गरज नाही.

म्हणून माझी शिफारस अशी की, आवाजासाठी एएएफ द्यावी. रंगासाठी प्रीमियरवर काम असेल तर एक्सएमएल, फायनल कटवर असेल तर एफसीपीएक्सएमएल. आणि ईडीएल फक्त एका ट्रॅकच्या, एकाच रेटच्या टाइमलाइनसाठी किंवा पडताळणीसाठी ठेवावी, तीही फाइलच्या नावातच रेट लिहून. रिझॉल्व्ह या रंगकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये मीडिया आत घेतल्यावर प्रोजेक्टचा टाइमलाइन फ्रेम रेट बदलता येत नाही, त्यामुळे तो आधी ठरवणे भाग आहे.

यांतली कोणतीही फाइल दिली, तरी टाइमकोड छापलेली संदर्भ-प्रत सोबत द्यावी आणि तिच्यात पहिल्या फ्रेमच्या दोन सेकंद आधी, म्हणजे पहिली फ्रेम ०१:००:००:०० वर असेल तर ००:५९:५८:०० वर, एका फ्रेमचा ‘बीप’ आणि शेवटच्या फ्रेमनंतर दोन सेकंदांनी तसाच दुसरा बीप ठेवावा. पहिला बीप जुळला आणि शेवटचा सरकलेला आढळला, तर कट तपासत बसण्याआधी दोन्हीकडचे रेट ताडून पाहावेत.