‘कंपनीने पैसेच दिले नाहीत’: लॉकडाऊनमधल्या विमान तिकिटांचा परतावा कुठे मुरला

“कंपनीच बसली हो, त्यांनी पैसेच परत केले नाहीत. मी कुठून देऊ?”

खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन. ज्या पट्ट्यात घरटी एखादा माणूस आखातात नाहीतर जहाजावर आहे, तिथे २०२० नंतर तिकीट एजंटांच्या तोंडून हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू आलं. कुवेतची, दोह्याची, दम्मामची तिकिटं. रोख मोजलेली, कधी दागिना ठेवून काढलेली. लोकांनी ते मान्य केलं, कारण टीव्हीवर रोज रांगेने उभी विमानं दिसत होती. ही थाप इतकी टिकली त्यालाही तेच कारण: एप्रिल २०२० मध्ये हे बोलणं बरंचसं खरं होतं. पुढे ते खरं राहिलं नाही, तरी एजंट तेच सांगत राहिले.

आधी खरा भाग. २२ मार्च २०२० च्या आसपास आंतरराष्ट्रीय विमानं थांबली, २५ मार्चपासून देशांतर्गतही. देशातली उड्डाणं २५ मे रोजी मर्यादित संख्येने सुरू झाली. विमान उभं राहिलं म्हणून खर्च उभा राहत नाही. बहुतेक विमानं भाड्याची, ते भाडं डॉलरमध्ये, दर महिन्याला. शिवाय तळावर उभं करण्याचं शुल्क, आणि उभ्या विमानाचीही देखभाल: इंजिनांची तोंडं आणि वेग मोजणाऱ्या नळ्या झाकायच्या, चाकं ठरावीक दिवसांनी फिरवायची, बॅटऱ्या सांभाळायच्या. समुद्राजवळच्या दमट, खाऱ्या हवेत तर हे काम वाढतंच. आणि मुख्य गोष्ट अशी, की प्रवाशाने दोन महिने आधी भरलेले पैसे कंपनीने केव्हाच रोजच्या खर्चात वापरलेले असतात. त्यामुळे परताव्याचे अर्ज एकदम आले तेव्हा अनेक कंपन्यांनी रोख न देता ‘क्रेडिट शेल’ दिलं, म्हणजे तिकिटाची रक्कम खात्यात जमा, पुढच्या प्रवासासाठी. काही परदेशी कंपन्यांनी एजंटांच्या संगणकातली आपोआप परतावा काढण्याची सोयच बंद करून ठेवली. त्या काही महिन्यांत प्रामाणिक एजंटही खरोखर अडकले. काहींनी पदरचे पैसे दिले, हेही सांगितलं पाहिजे.

पण १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि ही सबब संपली. लॉकडाऊनच्या काळात काढलेल्या, त्याच काळातल्या प्रवासाच्या तिकिटाचे पूर्ण पैसे लगेच परत. त्याआधी काढलेल्या, २४ मे २०२० पर्यंतच्या प्रवासाच्या तिकिटाचे पैसे १५ दिवसांत देण्याचा प्रयत्न करायचा. कंपनी खरंच अडचणीत असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येणारं क्रेडिट शेल. त्या शेलची किंमत रद्द झाल्यापासून ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि पुढे दरमहा पाऊण टक्का वाढायची. म्हणजे १८,००० रुपयांच्या तिकिटावर एप्रिल ते जून ९० रुपयांप्रमाणे २७० आणि पुढचे नऊ महिने १३५ प्रमाणे १,२१५. एकूण १,४८५ रुपये जास्त. भारतातून काढलेल्या परदेशी कंपन्यांच्या तिकिटांनाही परताव्याचा आदेश लागू होता. एजंटाकडून काढलेल्या तिकिटांबाबत तर स्पष्टच सांगितलं होतं: कंपनीने पैसे द्यायचे आणि एजंटाने ते लगेच प्रवाशाला पोचते करायचे.

फसवणूक नेमकी या शेवटच्या पायरीवर झाली. ती कशी, हे कळायला पैशाची वाट पाहावी लागते. एसटी स्टँडजवळच्या छोट्या ऑफिसातला एजंट सहसा विमान कंपनीशी थेट जोडलेला नसतो. त्याच्यावर मुंबईचा मोठा ठोक एजंट असतो, त्याच्या पोर्टलवर गावच्या एजंटाचं ‘वॉलेट’, म्हणजे आगाऊ पैसे भरून ठेवलेलं खातं, असतं. तुम्ही रोख देता, तो वॉलेटमधून तिकीट काढतो. पैसे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने परतावा उलटा येतो: कंपनीकडून ठोक एजंटाकडे, तिथून गावच्या एजंटाच्या वॉलेटमध्ये. तुमच्या बँकेत तो आपसूक कधीच येत नाही. वॉलेटमध्ये पडलेल्या तुमच्या १८,००० वर नाव लिहिलेलं नसतं. त्यातून दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच माणसाचं तिकीट निघतं, त्याच्याकडून पुन्हा रोख घेतली जाते, आणि तुम्हाला सांगितलं जातं, “अजून आले नाहीत.”

क्रेडिट शेलचंही तसंच. न्यायालयाने प्रवाशाच्या सोयीसाठी ते दुसऱ्याला देता येईल असं ठेवलं होतं, पण ते वापरायचं होतं त्याच एजंटामार्फत. काही एजंटांनी ते परस्पर दुसऱ्याच्या प्रवासाला वापरलं. मूळ मालकाला उत्तर मिळालं, “३१ मार्चला लॅप्स झालं.” हे धडधडीत खोटं आहे. ३१ मार्च २०२१ ही पैसे बुडण्याची तारीख नव्हती. तोवर न वापरलेली रक्कम कंपनीने परत करायची, ती ही मुदत.

हे सगळं इतकी वर्षं झाकून राहिलं ते एका साध्या युक्तीमुळे. तिकीट काढताना एजंट संपर्काच्या रकान्यात स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा ईमेल घालतो. उड्डाण रद्द झाल्याचा निरोप, परतावा झाल्याचा निरोप, शेलचा क्रमांक, सगळं त्याच्याच फोनवर. घरात कुणाला पत्ताच नाही. त्यात आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं. मंडणगड-दापोलीपर्यंत खांब आडवे झाले, कित्येक गावांत वीज नाही, फोनला रेंज नाही. घरावरचे पत्रे शोधणाऱ्या माणसाने परताव्याचा अर्ज कसा करायचा? पुढच्या वर्षी, २२ जुलै २०२१ ला, वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि पावत्या-कागदही गेले. ज्यांनी मागणी केली नाही त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

कागद गेला तरी तिकीट मात्र जात नाही. आज तपासायचं असेल तर दोन क्रमांक लागतात. एक पीएनआर, सहा अक्षरं-आकड्यांचा. दुसरा तिकीट क्रमांक, १३ आकडी. पहिले तीन आकडे कंपनीचे, जसे एअर इंडिया ०९८, एमिरेट्स १७६, कतार एअरवेज १५७. स्वस्त विमान कंपन्यांत बऱ्याचदा पीएनआरवरच काम चालतं. जुन्या व्हॉट्सअॅपमध्ये एजंटाने पाठवलेली पीडीएफ शोधा, किंवा आखातातल्या माणसाच्या फोनवर पाहा. तो बहुधा प्रत ठेवतो. पीएनआर काही काळाने कंपनीच्या संकेतस्थळावर दिसेनासा होतो, म्हणून १३ आकडी क्रमांक जास्त मोलाचा.

मग एजंटाशी वाद न घालता थेट कंपनीला ईमेल करा. तिच्या संकेतस्थळावर तक्रारी पाहणारा नोडल अधिकारी आणि त्यावरचा अपिलीय अधिकारी यांचा पत्ता दिलेला असतो. चारच प्रश्न विचारा: या तिकिटाची सध्याची स्थिती काय? परतावा झाला असेल तर रक्कम किती? कोणत्या तारखेला? कोणत्या एजन्सीच्या खात्यात? सोबत पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत, म्हणजे विचारणारा स्वतः प्रवासीच आहे हे कळेल. स्थिती ‘ओपन’ असेल तर पैसे अजून कंपनीकडेच आहेत. ‘रिफंडेड’ असेल तर ते निघाले, आणि कोणाकडे हेच पकडायचं. ‘व्हॉइड’ असेल तर प्रकरण आणखी गंभीर: तिकीट काढून तुम्हाला दाखवलं आणि लगेच रद्द केलं, म्हणजे तुमचे पैसे कंपनीकडे गेलेच नाहीत. नुसता पीएनआर आहे आणि तिकीट क्रमांक कधी पडलाच नाही, तर ती जागा फक्त धरून ठेवलेली होती.

कंपनीने “एजंटाला विचारा” एवढंच उत्तर दिलं तर थांबू नका. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमात एजंट हा कंपनीनेच नेमलेला प्रतिनिधी धरला आहे आणि परताव्याची जबाबदारी कंपनीवर ठेवली आहे. सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार टाका, तिथला क्रमांक जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

कंपनीचं लेखी उत्तर हातात आलं की एजंटाला पोचपावतीच्या टपालाने नोटीस द्या. तारीख आणि रक्कम समोर ठेवल्यावर अनेकांचा सूर बदलतो. तो हप्त्याने देतो म्हणाला तर सही घेऊन, तारखांसह लिहून घ्या. रोख घेतलीत तर किती बाकी राहिले तेही लिहा. नाहीच दिले तर दोन वाटा. दुसऱ्याचे विश्वासाने आलेले पैसे वापरणं हा विश्वासघाताचा गुन्हा आहे, पोलिसांत लेखी तक्रार देता येते. आणि जिल्हा ग्राहक आयोग: रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबाग, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. कंपनी आणि एजंट दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकालाच केलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, कोरोनामुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ त्यातून वगळला होता. आता इतक्या उशिरा जायचं तर विलंब माफीचा अर्ज सकारण जोडावा लागतो. पैसे आलेले असताना ‘आले नाहीत’ असं सांगून अंधारात ठेवलं, हे कारण एजंटाच्या व्हॉट्सअॅप संदेशांसह मांडा. ते संदेश पुसू नका, फोन बदलताना प्रत काढा. ऑनलाइन तिकीट विकणाऱ्या कंपनीकडून तिकीट काढलेल्यांसाठी एक गोष्ट: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्येही लॉकडाऊनमधले अडकलेले परतावे देण्याचे आदेश काढले आहेत. प्रकरण जुनं म्हणून आपोआप मेलेलं नसतं.

याच काळात आणखी दोन सापळे होते, आणि त्यातला एक अजून आहे. पहिला ‘वंदे भारत’ मोहिमेचा. ७ मे २०२० पासून लोकांना परत आणणारी विमानं सुरू झाली. नोंदणी दूतावासाकडे, यादी दूतावासाची, गरोदर बाया, आजारी, नोकरी गेलेले आधी. “यादीत नाव वर घालतो” म्हणून पैसे मागणाऱ्याच्या हातात काहीच नव्हतं. दुसरा, खोट्या ग्राहकसेवा क्रमांकांचा. लोक गुगलवर कंपनीचा नंबर शोधतात, वरच भामट्याचा मिळतो. तो गोड बोलतो, परताव्यासाठी फोनमध्ये स्क्रीन दाखवणारं अॅप घ्यायला लावतो, किंवा यूपीआयचा पिन टाकायला सांगतो. पैसे येताना पिन कधीच लागत नाही. गेलेच तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, १९३०. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठवता येतात, म्हणून इथे तासाचाही उशीर महागात पडतो.

कंपन्या बसणं महामारीबरोबर संपलेलं नाही. ३ मे २०२३ ला गो फर्स्टची विमानं अचानक थांबली, प्रवासी पैसे येणं असलेल्यांच्या रांगेतले एक झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये तिच्या अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याचा, आदेश झाला. अशा वेळी ज्याने स्वतःच्या कार्डाने पैसे भरले त्याला बँकेकडे ‘चार्जबॅक’, म्हणजे कार्डाने भरलेली रक्कम बँकेमार्फत परत, मागता येतो. एजंटाला रोख देणाऱ्याला ती वाट नाही. एजंटाकडूनच काढायचं, आणि आपल्या गावात ते बऱ्याचदा भागच असतं, तर पावतीवर एवढं लिहून घ्या: पीएनआर, तिकीट क्रमांक, मूळ भाडं वेगळं, कर वेगळे, एजंटाची फी वेगळी. कर वेगळे लिहिलेले असले की तुम्ही स्वतः तिकीट रद्द केलंत तरी विमानतळाचे कर परत मागता येतात. आणि पैसे मोजण्याआधी, तिथेच त्याच्या टेबलासमोर उभं राहून, संपर्काच्या रकान्यात तुमचा मोबाइल नंबर टाकायला लावा. कंपनीचा संदेश तुमच्या फोनवर वाजेपर्यंत बाहेर पडू नका.